बाकूच्या गल्लीतली पांजणी

समुद्राचं वेड मला, आणि समुद्र बघायला गेली मामी. यात न्याय आहे का ते तुम्हीच ठरवा. मी जवाहरनगरच्या क्वार्टरमध्ये राहणारी. नवऱ्याला कारखान्याकडून प्रवासाची सवलत मिळते, त्यावर दर वर्षी "यंदा समुद्रच" असं जाहीर करायचं आणि रामटेक करून परत यायचं, हा आमचा शिरस्ता. आणि माझी निर्मलामामी, जिनं आंधळगावाबाहेर मोहाडीचा बाजार आणि माहेरचं आसगाव एवढंच जग पाहिलं होतं, ती सत्त्याऐंशी साली पोळा झाल्यावर विमानात बसून थेट बाकूला गेली.

बाकू म्हणजे तेव्हाच्या सोव्हिएत देशातल्या अझरबैजानची राजधानी. कॅस्पियन समुद्राच्या काठावरची. मामी जाणार म्हटल्यावर मी भंडाऱ्याच्या वाचनालयातून पुस्तक आणून सगळं वाचून काढलं होतं. शेकडो वर्षांचा दगडी किल्ला, त्यात माणसं अजून राहतात. किल्ल्याच्या टोकाला एक जाडजूड गोल बुरूज. आणि किल्ल्याची भिंत संपली की काचेच्या, सिमेंटच्या उंच इमारती, रुंद रस्ते, समुद्रात उभे तेलाचे मनोरे. जायच्या आदल्या दिवशी मी मामीला बजावलं होतं, "मामी, सगळं नीट बघून ये. समुद्र तर नक्की. मला एकूण एक सांगायचं."

"सांगीन न बाई," मामी म्हणाली आणि डब्यात तांदूळ भरत राहिली. नंदलालमामांना भाताशिवाय एक वेळ चालत नसे, म्हणून ती आंधळगावचा तांदूळ बाकूला नेत होती.

हे जाणं कसं घडलं तेही सांगते. त्या वर्षी रशियात भारताचा मोठा उत्सव भरला होता आणि ठिकठिकाणचे कारागीर तिकडं न्यायचे होते. आमचे मामा कोष्टी. कोशाची, म्हणजे टसर रेशमाची, करवतकाठी साडी विणणारे. काठावर करवतीच्या दात्यांसारखी नक्षी असते ती साडी. दिल्लीच्या साहेबांनी मामांचं काम पाहिलं, खूश झाले आणि मामांचं एकट्याचं नाव घातलं. मामा म्हणाले, "साहेब, माग आमचा दोघांचा हाये. काठाचा धोटा माही घरवाली फेकते, अंगाचा मी फेकतो. एकट्यानं मी तिथं जाऊन काय करू, हात जोडून बसू?" साहेबांनी पुन्हा दिल्लीला विचारलं आणि मामीचं नाव लागलं. मामा हे मामीवरच्या प्रेमानं बोलले असं मला वाटायचं. मामीचं म्हणणं, प्रेम नाही, नुसता हिशोब. दोघांचंही खरं असावं.

आता पांजणीचं सांगायला हवं, कारण पुढची सगळी गोष्ट त्यावरच आहे. ताण्याचे उभे धागे मागावर चढवण्याआधी त्यांना भाताची पेज पाजतात. त्याला पांजणी म्हणतात. पहाटे गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ताणा पसरायचा, बांबूच्या कैच्यांवर उचलून धरायचा, आणि दोन्ही बाजूंनी चालत कुंच्यानं पेज लावायची. तुटलेले धागे जोडायचे, चिकटलेले सुटे करायचे, आणि ऊन चढायच्या आत, वारा सुटायच्या आत काम उरकायचं. हे एका घराचं काम नव्हे, गल्लीचं आहे. ज्याची पांजणी असेल त्याच्याकडे सगळ्या घरांतून माणूस येतो. मजुरी नाही, चहा मिळाला तर मिळाला. फक्त तुमच्याकडे जो आला त्याच्याकडे तुम्ही जायचं. याला आंधळगावात हात देणं म्हणतात. दिलेला हात परत करायचा असतो. कोणी केला नाही तर भांडत नाहीत, ओरडत नाहीत. त्याच्या पांजणीला येणं बंद करतात, बस.

मामी लग्न होऊन आली तेव्हा आमच्या आजोळचं हेच झालं होतं. माझे आजोबा, दादाजी, माझे असले म्हणून काय झालं, स्वभावानं कच्च्या चिंचेसारखे आंबट. कुणाकडे कधी हात द्यायला गेले नाहीत. त्यामुळे आजोळच्या पांजणीला गल्लीत काळं कुत्रं फिरकत नसे. नवी नवरी मामी, तिचा नवरा आणि सासरा, तिघंच त्या लांबलचक ताण्याशी झटायचे. पेज वाळून जायची, धागे गुंतायचे, आणि दादाजी दात खाऊन सुनेवर ओरडायचे. पहिल्या वर्षी एक अख्खा ताणा असाच वाया गेला. मामीनं मला सांगितलं होतं, "त्या दिवशी मले वाटलं का आपुन गावात नाही, रानात राहून राहिलो."

मग तिनं काय केलं, तर न बोलावता जायला लागली. गल्लीत कुणाची पांजणी निघाली की मामी पहाटे दारात हजर. पहिल्यांदा बाया तोंड फिरवायच्या. समोरची केशरबाई तर तोंडावर म्हणायची, "काहून आली वो? तुया सासऱ्यानं धाडलं का?" केशरबाईची जीभ म्हणजे विळा, धार कधी बोथट होत नाही. मामी धागे जोडत राहायची. पोटुशी असताना गेली, अंगात ताप असताना गेली. कितीतरी वर्षांनी एका पहाटे तिच्या स्वतःच्या पांजणीला केशरबाईचं दार उघडलं आणि ती कुंचा घेऊन आली. मागोमाग सगळी गल्ली. हे सांगताना मामीचा आवाज अजून बदलतो. तेव्हापासून मामीनं कुणाचा घेतलेला हात फेडल्यावाचून अंगावर ठेवला नाही. तिला कशाची भीती वाटत असेल तर एवढ्याचीच.

तर अशी ही मामी बाकूला पोचली आणि पहिल्याच दिवशी संकट. घरून पांजलेला ताणा पेटीत घालून पाठवला होता. कुठल्याशा विमानतळावर पेटी पावसात राहिली. उघडून पाहतात तर पेज विरघळून धाग्यांचा नुसता लगदा. प्रदर्शन शहराच्या नव्या भागातल्या, आरशासारख्या फरशीच्या सभागृहात. माग लाकडी चौथऱ्यावर मांडलेला, आणि त्यावर धागाच नाही. मामा डोक्याला हात लावून बसले. साहेब म्हणाले, "राहू द्या, रिकामा माग ठेवू, शेजारी फोटो लावू." हे ऐकून मामीला त्या लगद्यापेक्षा जास्त वाईट वाटलं.

तिनं लगदा साध्या पाण्यात सोडवला, वाळवला. धागे धड होते, फक्त पुन्हा पेज पाजायला हवी होती. तांदूळ होता. पण ताणा पसरायचा कुठं? सभागृहात पेज सांडली तर फरशी खराब होईल म्हणून साहेबांनी साफ नकार दिला. बाहेरच्या बागेत वारा असा की उभ्या माणसाची टोपी उडून जाई. शेवटी दुभाषी मुलगी मदतीला आली. रेना तिचं नाव. पुस्तकातलं शुद्ध हिंदी बोलायची आणि मामीला 'आदरणीया' म्हणायची, त्याचं मामीला अजून हसू येतं. रेनाची आत्या सकीना जुन्या किल्ल्यात राहायची. तिच्या घरापुढची गल्ली चांगली लांब आणि सरळ, दोन्ही बाजूंना दगडी भिंती.

पहाटे मामा-मामी तिथं गेले. सकीनाच्या चुलीवर आंधळगावच्या तांदळाची पेज शिजली. डबा रिकामा झाला तेव्हा मामांनी त्याच्याकडे असं पाहिलं म्हणे, जणू घरातलं माणूस चाललंय. बांबू नव्हते, तर सकीनानं खुर्च्या आणि शिड्या दिल्या. ताणा गल्लीभर पसरला. खिडक्या उघडल्या. बाया बघायला आल्या, कुणी हातात चहाचे छोटे पेले घेऊन, कुणी डोक्याला रुमाल बांधत. मामीला त्यांची भाषा कळत नव्हती. पण चहाला त्याही चायच म्हणत होत्या, आणि एकीनं आभाळाकडे बोट दाखवून "हवा" म्हटलं तेही कळलं. कळलं आणि तिनं वळून पाहिलं. गल्लीचं एक टोक समुद्राकडे उघडं होतं आणि तिकडून हवा सुटली होती.

अर्धा ताणा ओला, अर्धा कोरडा. धागे एकमेकांवर आपटायला लागले. मामा एकीकडे धावत होते, मामी दुसरीकडे. "मले दादाजीचाच ताणा दिसून राहिला होता डोळ्यापुढं," ती म्हणाली. तेवढ्यात सकीनानं घराकडे वळून हाक मारली. ती काय ओरडली ते मामीला कळलं नाही. बाया आत पळाल्या आणि बाहेर आल्या त्या घोंगड्या, गालिचे, चादरी घेऊन. गल्लीच्या त्या उघड्या टोकाला त्या खांद्याला खांदा लावून ओळीनं उभ्या राहिल्या आणि दोन्ही हातांनी गालिचे धरून त्यांनी वारा अडवला. त्यातल्या एका म्हातारीचे हात थरथरत होते, पण तिनं गालिचा खाली सोडला नाही. उरलेल्या बाया मामीजवळ आल्या, तिनं एकदा दाखवलं तसे धागे सुटे करायला लागल्या. ताणा वाळला. एकही धागा वाया गेला नाही.

मामी म्हणाली, "विजू, मी रडली नाही. मले फक्त एकच वाटलं का एवढ्या बायांचा हात मी घेतला, आता परत कवा करू?"

माग चालू झाला. लोक यायचे, काठावरची करवत बोटानं मोजायचे, वर्तमानपत्रात दोघांचा फोटो आला. मामा पाव खाऊन दिवस काढत होते आणि तक्रार करत नव्हते, यावरून ते किती खुशीत होते ते समजा. मामी मात्र आतून कासावीस. प्रदर्शन संपत आलं. तिनं सकीनाला एकदा खुणांनी विचारलं, काही काम आहे का? सकीना हसली आणि तिला चहा पाजला. म्हणजे हात आणखी एक चढला.

शेवटच्या दिवशी मोठा समारंभ होता. महालासारख्या सभागृहात पदकं मिळायची होती, आणि त्यानंतर गाडीतून सगळा बाकू दाखवणार होते. गावाबाहेर एक जुनं अग्निमंदिर आहे, तिथं दगडावर आपल्या अक्षरांत श्रीगणेशाचं नाव कोरलंय, तेही दाखवणार होते. हे मी पुस्तकात वाचलं होतं आणि त्या दगडासाठी मी सोन्याची बांगडी दिली असती. आदल्या संध्याकाळी रेना सहज बोलून गेली की उद्या तिला आत्याकडे जाता येणार नाही, वाईट वाटतं. सकीनाच्या नातीचं लग्न आहे. तिच्या गाद्या-रजयांची लोकर धुऊन वाळवली आहे, उद्या ती अंगणात झोडायची. गल्लीतल्या सगळ्या बाया जमतात.

मामी ताडकन उठली. "सगळ्या?"

"हाँ आदरणीया, सभी."

"मंग मी उद्या तिथं."

मामांनी समजावलं. "अवो, पदक भेटून राहिलं तुले. साहेबाले काय सांगू मी?"

"सांगा का तिले काम हाये."

"सारं शहर दाखवून राहिले. मंदिर दाखवून राहिले."

"देव कुठी पळून जाते? त्या बाया मले पुन्हा भेटनार हायेत का?" मामी म्हणाली. "असंच निघून गेली तं मी दादाजीची सून, दुसरी कोन?"

मामांनी साहेबांना तेच जाऊन सांगितलं. साहेब रागावले, पण रागावून करणार काय.

दुसऱ्या दिवशी मामी सकीनाच्या अंगणात पदर खोचून बसली. पुढ्यात लोकरीचा ढीग, प्रत्येकीच्या हातात लवचीक काठी. मामीनं आयुष्यभर धागा हाताळलेला, आणि धाग्याला नेहमी ओलावा लागतो. म्हणून तिनं सवयीनं लोकरीवर पाणी शिंपडलं. सकीनानं कपाळावर हात मारला, बाया लोटपोट हसल्या. तो ढीग पुन्हा उन्हात गेला आणि मामीला कोरडा ढीग मिळाला. मग तिला लय सापडली. गल्लीत वारा अडवून उभ्या राहिलेल्या सगळ्या तिथं होत्या, ती थरथरत्या हाताची म्हातारीसुद्धा. मामी एकेकीजवळ जाऊन बसली. थोडी हिची लोकर झोडली, थोडी तिची. कुणाचीही राहू दिली नाही.

दुपार उलटली तेव्हा अंगणाच्या दारात मामा उभे. अंगात दिल्लीहून मिळालेला कोट, गळ्यात पदक, मामीचं पदक खिशात. गाडी शहर दाखवायला निघाली आणि मामा मध्येच उतरून, किल्ल्याचा दरवाजा विचारत विचारत आले होते.

"काहून आले?" मामीनं विचारलं.

"ताणा काय तुया एकटीचा होता?" मामा म्हणाले आणि कोट न काढताच काठी घेऊन बसले. संध्याकाळपर्यंत कोटाचं मेंढरू झालं होतं. तो कोट अजून आहे, त्यातली लोकर अजून निघत नाही.

हे सगळं मामीनं मला आंधळगावला सांगितलं, दिवाळीच्या तोंडावर ते परत आल्यावर. मी बसनं धावत आले होते, समुद्र ऐकायला. आणि ऐकलं काय, तर लोकर. खरं सांगते, मला राग आला. "मामी, एवढ्या दूर गेलीस आणि गाद्या झोडून आलीस? मंदिर नाही, महाल नाही. निदान समुद्राचं तरी सांग."

"सांगीन न," मामी म्हणाली, पण तिचं लक्ष नव्हतं. तिला दुसरीच काळजी लागली होती. ती बाकूला असताना गल्लीत कितीतरी घरांच्या पांजण्या झाल्या होत्या, केशरबाईची सुद्धा. मामी एकीलाही गेली नव्हती. आणि आता तिचा स्वतःचा ताणा तयार होता, कोशाचा, दिवाळीनंतरच्या गिऱ्हाइकाचा. दुसऱ्या दिवशी पहाटे पांजायचा होता.

"बोलाव ना सगळ्यांना," मी म्हटलं.

"कोन्या तोंडानं बोलावू?" ती म्हणाली. "आपुन तिघं करू. होईल तेवढं होईल."

पहाटे आम्ही तिघांनी ताणा पसरला. मी शाळेतल्या कवायतीला उभी केल्यासारखी ताठ, मला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. मामा कैच्या लावत होते. मामी कुणाच्या दाराकडे न बघता पेज ढवळत होती. तिच्या पाठीकडे बघून मला माझ्या रागाची लाज वाटली. नव्या नवरीची पाठ अशीच असेल, असं वाटलं.

समोरचं दार वाजलं. केशरबाई कुंचा घेऊन उभी होती.

"काहून वो निर्मला, इमानात बसली तं बोलावनं इसरली का?"

मामी उभी राहिली. "केशरबाई, तुमच्या पांजणीले मी नोहती. कोनाच्याच नोहती."

"नोहती तं नोहती." केशरबाईनं पेजेत कुंचा बुडवला. "नंदलालनं सांगतलं मले सारं. त्या बायांनी हवेत उभं राहून ताणा कोनाचा धरला? आंधळगावचाच न? तो हात साऱ्या गल्लीवर होता. तू एकटीनं तो फेडून आली, आमच्या वाटचा बी. मंग आमी घरी निजून राहाचं का? सरक तिकडं."

मामी सरकली नाही. जागच्या जागी उभी राहिली आणि पदरानं डोळे पुसायला लागली. बाकूत न रडलेली मामी. तोवर एकेक दार उघडत होतं, बाया येत होत्या, कुणी डोळे चोळत, कुणी पोराला कडेवर घेऊन. मला कुणीतरी कोपरानं बाजूला केलं, ते बरंच झालं.

काम चालू झालं तशी विचारपूसही चालू झाली. तिकडच्या बाया लुगडं नेसतात का, जेवतात काय, त्या सकीनेच्या नातीचं लग्न झालं का. मामी पेज लावत लावत सांगत होती. मला राहवेना. मी ताण्याच्या या बाजूनं विचारलं, "मामी, आता तरी सांग. समुद्र कसा होता?"

मामीनं कुंचा थांबवून खरंच आठवून पाहिलं.

"त्या बाया गालिचे धरून उभ्या होत्या न," ती म्हणाली, "त्याईच्या मांगं होता. नीट दिसला नाही."